घरगुती ध्वनिमुद्रकावरील जतनाचा प्रश्न : कॅसेटपासून मेमरी कार्डापर्यंत

कोणत्याही ऐतिहासिक साधनाचा विचार करताना अभ्यासकाला दोन प्रश्न विचारावे लागतात. ते साधन मुळात कशावर उतरविले गेले, हा एक. आणि आपल्या हाती येईपर्यंत ते टिकले कसे, हा दुसरा. जुन्या कागदपत्रांच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न आपण सवयीने विचारतो. दफ्तर कोणाच्या वाड्यात होते, रुमाल केव्हा सोडला गेला, वाळवी कोठून लागली, ह्याची चौकशी केल्यावाचून आपले समाधान होत नाही. परंतु गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत सामान्य संगीतप्रेमी माणसाने आपल्या घरी बसून जे ध्वनिमुद्रण केले, त्याच्या बाबतीत अशी चौकशी आपल्याकडे तरी फारशी झालेली दिसत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय ह्या घरगुती ध्वनिमुद्रणाचा एक मर्यादित भाग आहे : त्याची साठवण आणि तिची राखीव प्रत. विषय वरवर पाहता तांत्रिक, किंबहुना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि त्यातून निघणारा निष्कर्ष क्षुल्लक नाही. कॅसेटच्या काळात काम करण्याची जागा आणि साठविण्याची जागा एकच होती. म्हणून जतन हे कोणी मनात न आणताही घडून जात असे. मेमरी कार्डाने ह्या दोन जागा अलग केल्या, आणि त्यामुळे जतन ही आपोआप घडणारी गोष्ट न राहता मुद्दाम करावयाची क्रिया झाली. मुद्दाम करावयाच्या क्रिया घराघरांतून किती नियमाने होतात, हे सांगावयास नको.

प्रथम संज्ञेविषयी. ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारात ज्याला ‘ट्रॅक’ म्हणतात, त्याला येथे ‘पदर’ म्हटले आहे. एका पदरावर गळा, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर तालवाद्य असे निरनिराळे ध्वनी स्वतंत्रपणे मुद्रित करावयाचे, आधीचे पदर ऐकत ऐकत नवा पदर त्यांना जुळवावयाचा, आणि शेवटी सर्वांचे प्रमाण ठरवून त्यांचे एकच अंतिम मिश्रण करावयाचे, अशी ही पद्धती आहे. ती मूळची घरगुती नव्हे. अँपेक्स कंपनीने १९५७ मध्ये अमेरिकन गिटारवादक लेस पॉल ह्यांना आठपदरी यंत्र पुरविले; त्यानंतरची दोन दशके अनेकपदरी ध्वनिमुद्रण हे मुख्यतः व्यावसायिक स्टुडिओंचेच क्षेत्र राहिले. स्टुडिओत फितींना क्रमांक असत, कपाटे असत, नोंदी ठेवणारी माणसे असत. तेथे जतन हे संस्थेचे काम होते आणि बरेवाईट कसेही का होईना, ते कोणाच्या तरी अंगावर होते.

घरात ही पद्धती खऱ्या अर्थाने आली ती १९७९ मध्ये. त्या वर्षी जपानच्या टीॲक कंपनीने, टॅस्कॅम ह्या आपल्या शाखेच्या परंपरेतून, ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे यंत्र बाजारात आणले. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये प्रसृत केलेली साधी कॅसेट हेच त्याचे माध्यम होते. कॅसेटच्या ३.८१ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एरवी दोन पदर जाताना व दोन पदर येताना वाजतात. ह्या यंत्राने चारही पदर एकाच दिशेने वापरले आणि ध्वनीचा दर्जा सुधारावा म्हणून फितीचा वेग दुप्पट केला. परिणामी साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधराच मिनिटे मावू लागली. हा तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पंधरा मिनिटांत तीन-चार गाणी संपतात. पुढच्या गाण्यासाठी दुसरी कॅसेट घ्यावी लागते. पहिली खणात जाते. तिच्यावर पेनाने नाव आणि बहुधा तारीखही घातलेली असते. ग्रंथपालाच्या भाषेत बोलावयाचे तर दाखल-नोंद आणि साठवण ही दोन्ही कामे गायकाने नकळत उरकलेली असतात.

कॅसेटचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. चार पदर अपुरे पडत, तेव्हा तीन पदरांचे मिश्रण चौथ्यावर उतरवून ते तीन पुसून टाकावे लागत आणि त्या जागी नवे मुद्रण केले जाई. ह्या एकत्रीकरणात पूर्वावस्था कायमची नष्ट होई, आणि प्रत्येक पिढीला फितीची सरसर वाढत जाई. शिवाय फीत शेकडो वेळा डोक्याखालून गेली की वरच्या पट्टीतील ध्वनी झिजत. म्हणजे कॅसेटने आपल्याला दिली ती शेवटची अवस्था. मसुदे तिने जागच्या जागी खाऊन टाकले. पण शेवटची अवस्था तिने दिली, हेही तितकेच खरे.

ह्या संदर्भात ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्या अमेरिकन गायकाच्या ‘नेब्रास्का’ ह्या ध्वनिमुद्रिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्यातला जतनाचा मुद्दा मात्र बहुधा दुर्लक्षिला जातो. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील घरी त्यांनी १४४ यंत्रावर ही गाणी मुद्रित केली, ती वाद्यवृंदाला दाखविण्यासाठी नमुने म्हणून. चार पदरांचे मिश्रण त्यांनी दुसऱ्या साध्या यंत्रावर एका कॅसेटमध्ये उतरविले, आणि ती कॅसेट कित्येक दिवस वेष्टणाशिवाय खिशात बाळगली. पुढे स्टुडिओत वाद्यवृंदासह केलेले प्रयत्न समाधानकारक वाटेनात, तेव्हा ती खिशातली कॅसेटच त्या वर्षीच्या सप्टेंबरात ध्वनिमुद्रिका म्हणून प्रसिद्ध करण्याचे ठरले. तिच्यावरून तबकडीसाठी योग्य प्रत तयार करताना तंत्रज्ञांना बराच त्रास पडला. राखीव प्रत करण्याची कोणतीही जाणीव ह्या व्यवहारात दिसत नाही. वस्तू खिशात होती म्हणून टिकली. हाताळणी निष्काळजीपणाची, पण माध्यम असे की काम झाले की एक वस्तू उरावी; त्या उरण्यावरच सर्व भिस्त होती.

१९९० च्या दशकात फितीची जागा अन्य माध्यमे घेऊ लागली. अलेसिस कंपनीच्या आठपदरी यंत्राने व्हिडिओ कॅसेट वापरली. टॅस्कॅम, यामाहा आणि सोनी ह्यांनी मिनिडिस्कवर चालणारी चारपदरी यंत्रे काढली. ह्या दोहोंबाबत येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. माध्यम काढून खणात ठेवण्याची जुनी रीत त्यांतही कायम होती.

खरा फरक पडला तो हार्ड डिस्कमुळे. १९९६ मध्ये आलेले रोलँड कंपनीचे ‘व्हीएस-८८०’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. आठ पदर, त्यांमागे एकूण चौसष्ट पर्यायी पदर, आणि केलेली कृती रद्द करून ९९९ पायऱ्यांपर्यंत मागे जाण्याची सोय, असे त्याचे स्वरूप होते. कॅसेटने मसुदे खाल्ले; ह्या यंत्राने सर्वच्या सर्व ठेवले. रद्द केलेला आलापही डिस्कवर जागा अडवून बसे, आणि जागा संपली की मालकाला आज्ञा देऊन ते निरुपयोगी अंश काढून टाकावे लागत. ती दिली की मागे जाण्याचा मार्ग बंद. काय ठेवावे आणि काय टाकावे हा दफ्तरखान्यातला निर्णय प्रथमच घरच्या टेबलावर आला तो असा.

दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची आहे. डिस्क यंत्राच्या पोटात होती. ती भरली की दुसरी घालता येत नसे; म्हणून जुने गाणे अन्यत्र हलविल्याशिवाय नवे सुरू करणे अशक्य झाले. ‘बॅकअप’ हा संगणकखात्यातला शब्द गायकवादकांच्या तोंडी रुळण्याचे हे एक प्रमुख कारण असावे, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. हलवावयाचे कोठे? आयोमेगा कंपनीच्या शंभर मेगाबाइटांच्या झिप डिस्कवर, किंवा डीएटी फितीवर, आणि पुढे कॉम्पॅक्ट डिस्कवर. ह्या सर्वांना वेळ लागे. त्या कामात संगीत काहीच नसे. यंत्र अडून राही आणि माणूस त्याच्याकडे पाहत बसे. असे काम लांबणीवर पडते.

आता मेमरी कार्डाकडे वळू. ते ज्या फ्लॅश स्मृतीवर आधारलेले आहे, तिचे जनक तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका हे होत. १९८४ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९८७ मध्ये तिचा ‘नॅन्ड’ हा, साठवणीस विशेष सोयीचा, प्रकार पुढे आला. अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवावयाचा आणि त्याच्या प्रमाणावरून माहिती वाचावयाची, हे तिचे तत्त्व आहे. तिच्यात हलणारा भाग नाही. १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९५ मध्ये स्मार्टमीडिया आणि १९९९ मध्ये एसडी, ह्या क्रमाने तिची कार्डे आली; आणि नव्या शतकाच्या आरंभी बॉस, झूम, कोर्ग, फॉस्टेक्स, टॅस्कॅम ह्यांच्या लहान ध्वनिमुद्रकांनी ती उचलली.

त्या काळची अडचण थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाचे मुद्रण म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना सोळा बिटांचा. म्हणजे एका पदराच्या एका मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट. चार पदरांना मिनिटाला २१ मेगाबाइट लागतात. स्मार्टमीडिया कार्डाची कमाल शक्ती १२८ मेगाबाइटांची. तेव्हा ते सहा मिनिटांत भरावयास हवे. ह्यावर उपाय म्हणून बॉसच्या ‘बीआर-५३२’सारख्या यंत्रांनी ध्वनी आकुंचित करून, कंपनीच्या स्वतःच्या सांकेतिक पद्धतीने लिहिण्याचा मार्ग पत्करला. उपाय योग्यच होता. पण त्यामुळे कार्डावरील मजकूर यंत्राच्या घराण्याबाहेर कोणासही वाचता येईना. संगणकावर तो उघडावयाचा तर कंपनीचा वेगळा परिवर्तक लागे.

कार्ड महाग होते, हेही येथे विसरून चालणार नाही. कॅसेटप्रमाणे गाण्यागणिक नवे कार्ड घेणे परवडणारे नव्हते. साहजिकच एकच कार्ड पुनःपुन्हा पुसून वापरले जाऊ लागले. कॅसेट ही वही होती. कार्ड ही पाटी झाली. पाटीवरचे गणित सुटले की ती पुसावयाची असते, आणि पुसण्यापूर्वी उत्तर वहीत उतरवून घेतले नाही तर दोष पाटीचा नसतो. मात्र कॅसेटवर वाढलेल्या पिढीच्या हाताला वहीची सवय होती, आणि हातात आलेली वस्तू, आकार लहान असला तरी, दिसावयास वहीच होती. माझ्या मते हानीचे मूळ ह्या गैरसमजात आहे.

ह्याचा सर्वांत बोधक नमुना टॅस्कॅमच्या ‘डीपी’ मालिकेत मिळतो. २०१० च्या सुमारास आलेली डीपी-००४ आणि डीपी-००८ ही तळहातावर मावणारी यंत्रे एसडी कार्डावर चालत. पुढे डीपी-२४ सारखी मोठी यंत्रेही त्याच मार्गाने गेली. ह्या यंत्रांत कार्ड फॉरमॅट करताना त्याचे दोन विभाग पडतात. एका विभागात गाण्यांचे पदर राहतात. त्याची रचना यंत्राची खाजगी असून यूएसबीच्या तारेने जोडलेल्या संगणकाला तो दिसतच नाही. दुसरा विभाग ‘फॅट’ ह्या सर्वपरिचित पद्धतीचा. संगणकाला दिसतो तो एवढाच. जुन्या घराच्या भाषेत सांगावयाचे तर माजघर आणि ओसरी. पाहुणा ओसरीवर येतो. माजघरातली वस्तू त्याला दाखवावयाची तर घरच्या माणसाने ती उचलून बाहेर आणली पाहिजे.

आणि ती आणण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. ‘बॅकअप’ची आज्ञा दिली तर यंत्र संपूर्ण गाण्याची एक फाइल करून ओसरीवर ठेवते, ती संगणकात हलविता येते आणि पुढे परत आणून तशाच यंत्रात पुन्हा मांडता येते, पण संगणकावर ती ऐकता येत नाही. ‘निर्यात’ची आज्ञा दिली तर पदर वेव्ह स्वरूपात बाहेर येतात, ते कोठेही ऐकता येतात, मात्र त्यांचे परस्परप्रमाण, ध्वनिसंस्कार आणि बाजूला ठेवलेले पर्यायी पदर त्यांच्याबरोबर येत नाहीत. अंतिम मिश्रण बाहेर काढले तर फक्त फळ हाती येते, झाड नव्हे. हौशी मंडळींत ह्या तीन क्रियांची नेहमी गल्लत होते. मिश्रण संगणकावर उतरवून ‘गाणे सुरक्षित आहे’ अशा समजुतीने कार्ड फॉरमॅट करावयाचे, आणि सहा महिन्यांनी गळ्याचा पदर तेवढा बदलावा असे वाटले की तो जगात कोठेच नाही, असे ध्यानी यावयाचे. शिवाय ओसरी लहान असेल तर मोठ्या गाण्याची फाइल तीत मावत नाही. आधीच्या फाइली संगणकावर नेऊन जागा करावी लागते. फॉरमॅटने दोन्ही विभाग एकदमच रिकामे होतात, हे वेगळे सांगावयास नको.

झूम कंपनीने २००९ मध्ये काढलेल्या ‘आर-१६’ यंत्रात वेगळा मार्ग धरला गेला. त्यात प्रत्येक गाण्याचा एक फोल्डर असतो आणि पदर सरळ वेव्ह फाइलींच्या रूपाने कार्डावर बसतात. कार्ड संगणकात घालून फोल्डर उचलला की प्रत झाली. जतनाच्या दृष्टीने ही रचना निःसंशय श्रेष्ठ होय. तथापि फोल्डरांना यंत्र स्वतः नुसते क्रमांक देते आणि फाइलींनाही तसेच. दोन कार्डांवरचे पहिले गाणे एकाच नावाचे निघते. संगणकावर एकावर दुसरे उतरविले तर पहिले गेले.

ह्या यंत्रांवर कार्डे दगावतात ती कशी, ह्याचा थोडा विचार केला पाहिजे. कार्डाच्या आरंभी एक अनुक्रमणिका असते; कोणता तुकडा कोणत्या फाइलीचा, हे तीवरून कळते. लिहिणे चालू असता कार्ड ओढले किंवा वीज गेली तर मजकूर बहुतेक शाबूत राहतो, अनुक्रमणिका तेवढी बिघडते. सामान्य छायाचित्रे अशा अवस्थेतून पुष्कळदा परत मिळतात. अनेकपदरी मुद्रणाचे तसे नाही. चार-आठ पदर एकाच वेळी लिहिले गेल्याने त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळलेले असू शकतात आणि सुट्या पानांच्या पोथीसारखी त्यांची गत होते. म्हणूनच ही यंत्रे बंद करताना नियमित बटण दाबून, पडद्यावरील सूचना संपेपर्यंत थांबावे लागते. चुकून काही पुसले गेले तर त्या कार्डावर पुढे एक अक्षरही लिहू नये. पुसलेला मजकूर त्यावर नवे लिहिले जाईपर्यंत बहुधा तेथेच असतो.

येथे एक आक्षेप संभवतो. आता कार्डे स्वस्त झाली आहेत. तेव्हा कॅसेटप्रमाणेच गाण्यागणिक वा प्रकल्पागणिक नवे कार्ड घ्यावे आणि जुने खणात ठेवावे, म्हणजे पाटीची पुन्हा वही होईल. आक्षेप विचारार्ह आहे, आणि पुष्कळ अनुभवी मंडळी तसे करतातही. परंतु त्याला दोन मर्यादा आहेत. कप्प्यांतला विजेचा भार वर्षानुवर्षे हळूहळू पाझरतो. न वापरता ठेवलेले कार्ड किती वर्षांनी वाचता येईल ह्याची हमी कोणी देत नाही, आणि बिघाड झाला तर तो फितीसारखा सरसर वाढून पूर्वसूचना देत नाही. दुसरे असे की कार्डांचे मानकच बदलत जाते. मूळ एसडी कार्ड दोन गिगाबाइटांपर्यंतचे. २००६ चे एसडीएचसी बत्तीसपर्यंतचे. २००९ चे एसडीएक्ससी त्याहून मोठे. तिन्हींचा आकार एकच, पण जुने यंत्र नवे कार्ड ओळखत नाही. सोळा बिटांच्या हिशेबाने दोन गिगाबाइटांत आठ पदरांची सुमारे सत्तेचाळीस मिनिटे मावतात. अशा लहान कार्डांवर ज्यांचे यंत्र अडून बसले आहे, त्यांना कार्ड जपून वापरावे लागते आणि मग पुसणे ओघानेच येते.

जतनाच्या शास्त्राने ह्यावर सांगितलेले उपाय नवे नाहीत. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयासाने, ध्वनिवस्तूंच्या जतनाविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिची दुसरी आवृत्ती २००९ ची आहे. विशिष्ट वस्तूवर विसंबू नये, मजकूर उघड स्वरूपात ठेवावा, प्रती एकाहून अधिक असाव्यात आणि त्या वेळोवेळी तपासून नव्या माध्यमावर हलवाव्यात, हा तिचा आशय आहे. घरगुती यंत्राला लावून पाहिले तर त्याचा अर्थ असा होतो : गाण्याची यंत्र-फाइल आणि पदरांच्या वेव्ह फाइली, ही दोन्ही ठेवावयाची, सर्व पदर एकाच आरंभबिंदूपासून काढावयाचे, म्हणजे कोणत्याही यंत्रात ते एकमेकांशी जुळतील, दोन निरनिराळ्या डिस्कांवर प्रती करावयाच्या आणि त्यांतील एक घराबाहेर, आणि ह्या प्रती उघडून, ऐकून पाहिल्याखेरीज कार्ड फॉरमॅट करावयाचे नाही. शेवटची अट सर्वांत सोपी आणि सर्वांत अधिक मोडली जाणारी आहे.

आपल्या विद्यापीठांच्या संग्रहांत आता फितींबरोबर अशी कार्डेही येऊ लागतील. त्या दृष्टीने एक-दोन सूचना. नुसती यंत्र-फाइल म्हणजे मोडीतला कागद होय : शाई ताजी, कागद धड, पण वाचणारा हवा. मोडी वाचणारे अजून तयार करता येतात. बंद पडलेल्या यंत्राच्या संकेताचे तसे नाही. म्हणून कार्ड हाती येताच, ते यंत्रात घालण्यापूर्वी, लिहिण्याला प्रतिबंध करणारी त्याच्या कडेची कळ लावून संगणकावर संपूर्ण कार्डाची, न दिसणाऱ्या विभागासह, बिटागणिक प्रतिकृती घ्यावी. अनोळखी कार्ड घातल्यावर यंत्र किंवा संगणक ‘फॉरमॅट करू काय?’ असे विचारतो. घाईत दिलेले होकारार्थी उत्तर दाखल-नोंदीच्या आधीच साधन संपवील. यंत्राचे नाव आणि क्रमांक नोंदवावा. शक्य तर यंत्रच कार्डाबरोबर मागून घ्यावे.

तारखांबाबत सावध राहावे. काही यंत्रांत घड्याळ नसते, त्यामुळे फाइलीवरची तारीख यंत्राने ठोकून दिलेली असते आणि एकाच दिवशी शंभर गाणी झाल्याचा भास होतो. कॅसेटच्या कागदावर जे हस्ताक्षरात मिळे, ते टपाल तिकिटाएवढ्या कार्डावर लिहिण्यास जागाच नसते. कोणत्या क्रमांकाचे गाणे कोणते, कोणता पदर कोणाच्या गळ्याचा, कोणते मिश्रण शेवटचे मानले, हे मालकाकडून तोंडी विचारून लिहून घ्यावे लागते. आणि १९७९ मध्ये पंचविशीत असलेला गृहस्थ आज सत्तरी ओलांडून गेला आहे.